वर्षाला हजारच तास?

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहे, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तिथून इंडिगोचं हैदराबाद-गोंदिया-तिरुपती विमानही सुरू झालं. तरी वैमानिकाच्या नोकरीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: ‘वर्षाला हजारच तास काम, म्हणजे रोजचे तीन तासही नाहीत. मजाच की!’

हजार तासांची वार्षिक मर्यादा खरी आहे. आठवड्याला पस्तीसची आहे. पण हे फक्त उड्डाणाचे तास. उड्डाणासाठी विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि उतरून थांबलं की बंद पडतं. ड्युटी मात्र रिपोर्टिंगपासूनच मोजतात. हवामान बघणं, इंधन ठरवणं, विमानाची तपासणी आणि दोन फेऱ्यांमध्ये जमिनीवर काढलेला वेळ ड्युटीत धरला जातो, हजारात नाही. गोंदिया जंक्शनच्या गावात हे समजावून सांगायची गरज पडू नये. लोको पायलटची ड्युटी गाडी हलल्यावर नाही, साइन ऑन केल्यावर सुरू होते.

लहान पल्ल्याच्या विमानाचं काम हलकं, हा त्याचाच जोडसमज. हैदराबाद-गोंदियासारख्या मार्गावर एका दिवसात अनेकदा चढावं-उतरावं लागतं आणि वैमानिकाचं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच लागतं. म्हणूनच लँडिंग वाढतील तशी ड्युटीची कमाल मुदत नियमानेच आखूड होत जाते. ‘ऑटोपायलट चालवतो’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

विश्रांतीचे तास मिळाले की झोप झालीच, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. मुळात दुपारी दोनची झोप आणि रात्री दोनची झोप सारखी नसते. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सर्वांत सुस्त असतं, मग दिवसा कितीही लोळलेलं असो. २२ मे २०१० ला दुबईहून रात्रीतून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ जण गेले. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त वेळ झोपले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणं ऐकू आलं. गाढ झोपेतून उठल्यावर निर्णयशक्ती काही काळ मंद राहते, याकडे चौकशीने बोट दाखवलं. अवेळी लागलेली झोपही धोक्याची, ती अशी.

१७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटपाशी इंडिगोचे एक कॅप्टन कोसळले आणि दगावले. त्यांना त्याआधी २७ तासांची विश्रांती मिळाली होती. त्याआधीची त्यांची ड्युटी मात्र पहाटेची होती. मृत्यू थकव्यानेच झाला असं म्हणता येणार नाही. पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर देशभर पेटली.

जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबली, आणि रात्री सहा लँडिंगची मुभा होती ती दोनवर आली.

तेव्हा ‘डिसेंबर २०२५ मध्ये नियम अचानक आले, म्हणून विमानं रद्द झाली’ हेही खरं नाही. कंपन्यांच्या विरोधामुळे जून २०२४ ची मुदत टळली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमल आला. तयारीला पावणेदोन वर्षं मिळाली होती. तरी इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. प्रवासी विमानतळांवर अडकून पडले, आणि त्याच कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली.

विश्रांती ही फक्त कंपनीने द्यायची गोष्ट, असंही नाही. मिळालेल्या वेळेत झोप घेणं ही वैमानिकाची जबाबदारी असते, आणि दमलेला असेल तर तसं लेखी कळवणंही. अशा तक्रारींचा अहवाल कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी महासंचालनालयाला द्यायचा आहे.