पानं नसलेलं सदाहरित झुडूप आणि तक्त्यातला शून्य

सदाहरित झुडूप म्हटलं की आपल्याला बारमाही हिरवी पानं आठवतात. एफेड्रा जेरार्डियाना मात्र या समजुतीत बसत नाही. लडाख, स्पितीसारख्या हिमालयाच्या कोरड्या, थंड भागांत दगडगोट्यांमध्ये वाढणारं हे ठेंगणं झुडूप. वर्षभर हिरवं असतं, पण पानं शोधायला गेलात तर पेरांवर बारीक खवले तेवढे सापडतील.

हिरवं आहे ते खोड. प्रकाशसंश्लेषणाचं जवळजवळ सगळं काम या हिरव्या कांड्याच करतात. मोठी पानं म्हणजे पाणी उडून जायला जास्त जागा, आणि कोरड्या डोंगरावर ती चैन परवडत नाही. कांडीवर उभ्या खाचा असतात आणि रंध्रं त्या खाचांमध्ये, म्हणजे वाऱ्यापासून जरा आडोशाला.

आता आपल्या कामाचा मुद्दा. समजा, तुम्ही डोंगराळ भागातल्या वीस वनस्पतींची तुलना करताय आणि तक्त्यात ‘पानाचं क्षेत्रफळ’ असा रकाना आहे. एफेड्रासमोर काय लिहाल? शून्य लिहिलं तर झाड अन्नच बनवत नाही असा अर्थ निघतो. रकाना रिकामा सोडला तर झाड विश्लेषणातूनच गळतं, आणि कोरडेपणाशी सगळ्यात चांगलं जुळवून घेतलेल्यांपैकी एक उदाहरण हातचं जातं. खरं तर आपल्याला प्रकाश शोषणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ हवं होतं. पान हा फक्त त्याचा नेहमीचा प्रतिनिधी.

बरं, मग कांडी मोजू. २ मिमी जाड, ५० मिमी लांब कांडी स्कॅनरवर ठेवली तर क्षेत्रफळ येतं १०० चौरस मिमी. पण कांडी गोल आहे. तिचा सगळा पृष्ठभाग साधारण ३१४ चौरस मिमी. म्हणजे दर चौरस मिमीमागे प्रकाशसंश्लेषणाचा वेग काढताना तिपटीहून जास्त फरक! दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली वापरली हे लिहिलं नाही तर तुमचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून बघता येणार नाहीत.

नावाचंही तसंच. एफेड्राला आपल्याकडे सोमलता म्हणतात. पण दख्खनच्या खडकाळ माळांवर वाढणाऱ्या सार्कोस्टेमा या वेलीलाही सोमलता किंवा सोमवल्ली म्हणतात. तीही बिनपानांची दिसते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. मात्र तिला फुलं येतात, तोडली की पांढरा चीक निघतो. एफेड्रा अनावृतबीजी, म्हणजे पाइनच्या गटातलं. एफेड्रा वंशातूनच १८८५ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी एफेड्रिन वेगळं केलं. दम्यावर वापरलं गेलेलं हे द्रव्य रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढवतं. त्यामुळे ‘सोमलता चूर्णावर प्रयोग केला’ एवढंच लिहून भागत नाही. शास्त्रीय नाव हवं, आणि ओळख तपासता येईल असा वाळवलेला नमुना वनस्पतीसंग्रहात जमा केलेला हवा.

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक रकान्यासमोर एक ओळ लिहून बघा: हे मोजून मला नक्की कशाबद्दल कळणार आहे? ही ओळ लिहिता आली नाही, तर उपकरणाला हात लावायची घाई करू नका.