लट्टलूरचे धनी

इ.स. ८६६ च्या ज्येष्ठ अमावास्येला सूर्यग्रहण लागले होते. त्या पर्वावर दिलेल्या दानाचा लेख शिरूर नावाच्या गावी दगडावर कोरलेला आहे. हे शिरूर आमचे लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ नव्हे, धारवाडकडचे. पण त्या लेखातले एक बिरुद आमच्या उंबऱ्यापर्यंत येते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग तिथे लट्टलूर नगरीचा धनी म्हणून मिरवतो. त्याच वर्षीच्या निलगुंदच्या लेखातही हे बिरुद आहे, आणि पुढे सौंदत्तीच्या रट्टांनी ते आपल्या नावामागे लावले.

जे. एफ. फ्लीट यांनी या लेखांवर काम केले तेव्हा लट्टलूर म्हणजे बिलासपूरकडचे रतनपूर असावे, असे त्यांना आधी वाटत होते. नंतर त्यांनीच मत बदलले आणि लातूरवर बोट ठेवले. बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले. लातूरच्या पापविनाशक मंदिरात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळातला, बाराव्या शतकातला लेख मिळाला. त्यातही गावाचे नाव लट्टलूर असेच येते. आमच्या भागात हे सगळ्यांना तोंडपाठ असते. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणापासून नगरपंचायतीच्या स्मरणिकेपर्यंत ‘राष्ट्रकूट मूळचे लातूरचे’ हे वाक्य हमखास भेटते. त्या वाक्यापुढचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. लातूरचे, मान्य, पण ते होते कोण?

आधी बिरुदाचीच पारख करू. अशी बिरुदे त्या काळी बहुतेक घराणी लावत. देवगिरीचे यादव स्वतःला द्वारावतीचे स्वामी म्हणवत, पण तेवढ्यावरून त्यांना द्वारकेहून आलेले मानायला सावध अभ्यासक तयार होत नाहीत. कृष्णाच्या नगरीशी नाते सांगितले की प्रतिष्ठा वाढते, हे कारण उघड आहे. लट्टलूरचे तसे नाही. लट्टलूरचे नाव घेऊन कुणाचा मान वाढावा असे त्या गावाला पुराणात स्थान नव्हते. कैलास लेणे खोदवणाऱ्या घराण्याने एवढ्या साध्या गावाचे नाव अभिमानाने लावले, तर त्यामागे खरी आठवण असली पाहिजे. शिलाहारही असेच स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, लातूरपासून फार लांब नाही. दख्खनवर आणि कोकणावर राज्य करणाऱ्या दोन घराण्यांच्या आठवणी एवढ्याशा टापूत येऊन मिळतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एक अडचण मात्र नोंदवलीच पाहिजे. घराण्याला मोठे करणाऱ्या दंतिदुर्गाचा समनगडचा ताम्रपट ७५४ चा आहे. लट्टलूरचे बिरुद ठळकपणे दिसते ते त्यानंतर शंभरावर वर्षांनी.

आता कुळाकडे वळू. या एका घराण्यावर किती प्रदेशांनी हक्क सांगितला आहे! बर्नेल यांनी राष्ट्रकूटांचा संबंध तेलुगू रेड्ड्यांशी जोडला. जोधपूरचे विश्वेश्वरनाथ रेऊ यांनी १९३३ च्या सुमारास ग्रंथ लिहून त्यांना राठोडांच्या घरात नेले. रा. गो. भांडारकरांनी ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’मध्ये अशोकाच्या लेखांतले रठिक, नाणेघाट, भाजे आणि कार्ले इथले महारठी आणि राष्ट्रकूट अशी साखळी मांडली आणि महाराष्ट्र या नावाचा उगमही तिथेच शोधला. चिं. वि. वैद्यांनी तर त्यांना सरळ मराठे म्हटले. मग १९३४ मध्ये अनंत सदाशिव आळतेकरांचा राष्ट्रकूटांवरचा ग्रंथ आला. आळतेकर कोल्हापूरकडचे, मराठी घरातले, बनारसला प्राध्यापक. त्यांनी निष्कर्ष काढला की हे घराणे लातूरचे, आणि त्याची मातृभाषा कन्नड. आपल्या माणसांना हे रुचणार नाही हे त्यांना कळत नसेल असे नाही. पुरावा जिथे नेईल तिथे ते गेले, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो त्यासाठी.

राजांनी स्वतः काय सांगितले? वर्ध्याजवळच्या देवळी इथे मिळालेला तिसऱ्या कृष्णाचा ताम्रपट ९४० चा आहे. त्यात वंश यदूपासून, सात्यकीच्या शाखेतून आल्याचे सांगितले आहे, आणि रट्ट नावाचा मूळपुरुष व त्याचा मुलगा राष्ट्रकूट अशी जोडणीही केली आहे. दंतिदुर्गाचे वेरूळच्या दशावतार लेण्यातले जुने लेखन याहून कितीतरी साधे आहे: पूर्वज राजांची नावे, त्यांचे पराक्रम. घराणे जुने होत गेले तसा त्याचा आरंभ पुराणात मागे मागे सरकत गेला. तेव्हा यदुवंशाची गोष्ट दहाव्या शतकातल्या दरबाराला काय हवे होते ते सांगते. सातव्या शतकातले आजोबा-पणजोबा कोण होते, हे तिच्यातून कळत नाही.

आळतेकरांचा सर्वांत भक्कम मुद्दा निराळाच आहे, आणि तो पुरेसा ऐकला गेलेला नाही. राष्ट्रकूट हे मुळात हुद्द्याचे नाव आहे. ताम्रपटांत राजा ज्यांना उद्देशून आज्ञा देतो त्या अधिकाऱ्यांच्या यादीत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट असे लोक असतात. गावाचा प्रमुख तो ग्रामकूट, तसा राष्ट्राचा म्हणजे मोठ्या मुलखाचा प्रमुख तो राष्ट्रकूट. आपल्याकडच्या देशमुखांसारखेच हे. देशमुख मराठे आहेत, ब्राह्मण आहेत, लिंगायत आहेत, मुसलमानही आहेत; आडनाव सारखे म्हणून त्यांची भावकी एक ठरत नाही. राष्ट्रकूट नावाची घराणीही अनेक होती. मानपुरचे राष्ट्रकूट होते. हे मानपुर म्हणजे साताऱ्याचे माण, असे वा. वि. मिराशींनी दाखवले. वऱ्हाडात नन्नराजाचे घराणे होते, ज्याचे तिवरखेड आणि मुलताईचे ताम्रपट प्रसिद्ध आहेत. मळखेडचे, म्हणजे राजधानी मान्यखेटचे, सम्राट या वऱ्हाडी शाखेतून आले असे आळतेकरांना वाटत होते. मिराशींना ते पटले नाही. पण नाव एक म्हणून रक्त एक, हे गृहीतच काढून घेतले, तर रेड्डी, राठोड आणि मराठे यांच्यावरचा निम्मा वाद जागच्या जागी विरतो.

उरतो तो भाषेचा प्रश्न, आणि इथे पुरावा बराच एका बाजूला झुकतो. अमोघवर्षाच्या दरबारातून ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ आला. त्याने कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. लातूर गोदावरीच्या दक्षिणेला आहे, म्हणजे त्या ग्रंथकर्त्याच्या हिशोबाने कन्नड देशात. दुसरा पुरावा मला त्याहून बोलका वाटतो. गुजरातेत राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट शाखेचे काही ताम्रपट संस्कृतात आहेत, तिथल्या लिपीत कोरलेले. पण राजाची सही मात्र दक्षिणेकडच्या कन्नड वळणाच्या अक्षरांत आहे. मजकूर लेखनिकाचा, सही स्वतःची. नर्मदेपलीकडे राहूनही हात लहानपणी गिरवलेल्या अक्षरांकडे वळला. राजघराण्यातल्या बायकांची नावेही पाहावीत: गामुंडब्बे, चंद्रोबलब्बे, रेवकनिम्मडी. अरब लेखक मसऊदीने मानकिरची, म्हणजे मान्यखेटची, भाषा ‘किरिया’ असल्याचे लिहिले आहे. ती कन्नडच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

मग मराठी कुठे होती? होतीच. ७७९ मध्ये जालोरला उद्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ पूर्ण केली, तेव्हा त्यांनी बाजारातल्या मरहट्ट माणसाची बोली कर्नाटकाच्या बोलीहून वेगळी ओळखली होती. परदेशी कानालाही मराठी वेगळी ऐकू येत होती, आणि तीही राष्ट्रकूटांच्याच काळात. पण मराठीचे प्रसिद्ध आद्य शिलालेख राष्ट्रकूटांची सत्ता ९७३ मध्ये चालुक्य तैलपाच्या हाती गेल्यानंतरचे. लातूरच्या शिवारात नांगर धरणारा माणूस त्या काळी घरी काय बोलत होता, हे राजाच्या सहीवरून ठरत नाही. माझा कयास असा की इथे दोन्ही भाषा एकाच वेशीच्या आत नांदत असाव्यात. आजही शिरूर, निलंगा, देवणी भागातल्या लिंगायत घरांत मल्लप्पा, शिवप्पा, गुरप्पा ही नावे असतात आणि भांडण शुद्ध मराठीत होते.

रक्ताचे म्हणाल तर या घराण्याने ते कधी एका जागी राहू दिले नाही. दंतिदुर्गाची आई चालुक्य राजकन्या. ध्रुवाची राणी शीलमहादेवी वेंगीच्या चालुक्यांची लेक. दुसऱ्या कृष्णाची राणी त्रिपुरीच्या कलचुरी कोकल्लाची मुलगी. अमोघवर्षाने आपली मुलगी गंग घराण्यात दिली, तिसऱ्या कृष्णाची बहीणही तिथेच गेली. आंध्र, मध्य प्रदेश, म्हैसूर: काही पिढ्यांत सगळा दख्खन एका देवघरात आला. अशा कुटुंबाला आजच्या एका जातीचे किंवा एका राज्याचे ठरवायचे म्हटले तर कुणाच्या आईला सोडून द्यायचे?

हा आपल्याच नशिबी आलेला वाद नाही. युरोपात स्लाव्ह लोकांच्या मुळाविषयी तो याहून कडवटपणे झाला. सहाव्या शतकात प्रोकोपियस आणि जॉर्डनीस यांच्या लिखाणात स्क्लाव्हेनी नावाचे लोक डॅन्यूब नदीच्या काठी एकाएकी दिसू लागतात. आले कुठून? जर्मन संशोधक गुस्ताफ कोसिना मातीच्या भांड्यांवरून वंश ठरवत असे, आणि त्याच्या मते पोलंडची भूमी प्राचीन जर्मनांची. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या युझेफ कोस्त्शेव्स्कीने तीच पद्धत उलटी वापरली आणि भूमी स्लाव्हांची ठरवली. १९३४ मध्ये, आळतेकरांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, पोलंडमधल्या बिस्कुपिनचे उत्खनन सुरू झाले आणि तिथली लाकडी तटबंदी स्लाव्ह पूर्वजांची म्हणून गाजली. महायुद्धात जर्मनांनी ते ठिकाण ताब्यात घेतले, पुन्हा खणले आणि जर्मनांचे ठरवले. तीच लाकडे, तीच खापरे. २००१ मध्ये फ्लोरिन कुर्टा यांनी मांडले की स्लाव्ह ही ओळखच बायझंटाईन साम्राज्याच्या सीमेवर, त्या साम्राज्याशी चाललेल्या झटापटीतून घडली. मग २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्राचीन जनुकांचा मोठा अभ्यास आला. त्याने सांगितले की पूर्व युरोपातून माणसे खरोखर मोठ्या संख्येने सरकली होती, आणि बाल्कनसारख्या भागात स्थानिकांत मिसळलीही होती. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापला हट्ट थोडा सोडावा लागला.

त्या संशोधकांची एक अडचण आमचीही आहे. सुरुवातीचे स्लाव्ह मृतांना जाळत, त्यामुळे नेमक्या त्या काळाची हाडे कमी मिळतात. आमच्या राजांचेही दहन झाले. हाडांतून उत्तर मिळण्याची आशा इथे जवळजवळ नाही. जे काही कळेल ते तांब्याच्या पत्र्यांवरून आणि दगडांवरून.

वादाची धार मात्र बरीच अलीकडची आहे. हैदराबाद संस्थानात निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. आजच्या शिरूर अनंतपाळ तालुक्याचा मुलूख निलंग्याकडचाच. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. आम्ही उस्मानाबादेत आलो, भालकी आणि औराद म्हैसूरकडे गेले. सोयरीक, बाजार, बैल या सगळ्यांची येजा त्या रेघेवरून चालू राहिली, पण इतिहास शिकवणारे रेघ पाहून शिकवू लागले. रेघेच्या अलीकडे राष्ट्रकूट मराठी झाले, पलीकडे कन्नड. आमच्या शिरूरहून पाहिले तर लातूर मावळतीला, कंधार ईशान्येला, बसवकल्याण दक्षिणेला आणि राजधानी मळखेड त्याच्याही खाली. राष्ट्रकूट आणि त्यांच्यामागून आलेले चालुक्य यांच्या कारभाराची चार ठाणी दोन राज्यांत आणि चार जिल्ह्यांत वाटली गेली. एकच अभ्यासक चारही ठिकाणी पायपीट करून गेलाय, असे आता क्वचित घडते.

माझे मत मी लपवत नाही. हे घराणे लातूरचे होते. घरात आणि दरबारात कन्नड बोलत होते. त्याचे नाव हुद्द्यावरून आले. यांतले कुठलेही एक वाक्य आपल्याला कमी करत नाही. या मातीने कन्नड बोलणारे सम्राट दिले, हे सांगताना लातूरकराने आवाज खाली करण्याचे कारण मला दिसत नाही.

खरी चिंता आहे ती दगडांची. आमच्या बाजूच्या कुठल्याही जुन्या गावी मारुतीच्या पारापाशी एखादी वीरगळ उभी असते. तळाच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा आणि पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारी कधी गाय-वासरू कोरलेला दानाचा दगड असतो आणि त्यावर गोलाकार वळणाची अक्षरे. गावकरी त्याला तेल आणि शेंदूर वाहतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे थर बसून अक्षरे बुजतात. त्या भक्तीला मी नावे ठेवणार नाही, तिच्यामुळेच दगड जागेवर राहिला. पण जीर्णोद्धारात जेव्हा तो ऑइलपेंटने रंगवतात किंवा फरशीच्या पायात गाडतात, तेव्हा जीव तुटतो.

नांदेड जिल्ह्यात हे काम कसे करावे याचा नमुना आहे. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी मिळून जिल्ह्यातले शिलालेख वाचले आणि १९६८ मध्ये ग्रंथरूपाने छापले. देगलूरकडच्या तडखेलचा १०४७ चा कन्नड लेख त्या जिल्ह्यातलाच. हळेकन्नड वाचणारा एक आणि गावोगावच्या वाटा ठाऊक असणारा एक, अशी जोडी लागते. तालुक्याच्या महाविद्यालयांतून इतिहास शिकणारी पोरे दर वर्षी बाहेर पडतात. त्यांतल्या दोघा-चौघांना जुनी कन्नड लिपी शिकवली, तर मांजरा आणि घरणी या नद्यांच्या काठची गावे एका हिवाळ्यात पायी धुंडाळून होतील. दगड घासू नये, रंगवू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढावा, पुरातत्त्व विभागाला कळवावे. ९७३ च्या आधीचा एखादा लेख या टापूत मिळाला, तर त्यातले दान देणाऱ्याचे नाव, शेताच्या चतुःसीमा आणि खालचा शाप कुठल्या भाषेत आहेत, ते मला सर्वांआधी वाचायचे आहे.