खो-खो : तिसऱ्या तुकडीची निवड

खो-खोचा सामना पाहणाऱ्या प्रेक्षकाची दृष्टि बहुधा पाठलाग करणाऱ्यावर खिळलेली असते. खो मिळतांच उसळी घेऊन धांवणारा, खांबाजवळ अंग झोकून देऊन गडी टिपणारा खेळाडू चटकन डोळ्यांत भरतो. परंतु सामन्याचा निकाल पुष्कळदां पहिली शिटी वाजण्यापूर्वींच एका कागदावर निम्मा ठरून गेलेला असतो. पळणाऱ्या संघाला आपल्या नऊ खेळाडूंचीं नांवें, ज्या क्रमानें ते मैदानांत उतरणार त्या क्रमानें, गुणलेखकाकडे नोंदवावीं लागतात. पहिलीं तीन नांवें ही पहिली तुकडी, नंतरचीं तीन ही दुसरी, आणि उरलेलीं तीन ही तिसरी. हा क्रम लावणें वरवर पाहतां सोपें वाटतें. पण हंगामापूर्वींच्या सरावांत शिक्षकास आणि संघनायकास सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट हीच असते.

हा पेंच समजण्यासाठीं खेळाची घडण थोडक्यांत ध्यानांत घेतली पाहिजे. मैदान 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद. दोन टोकांस दोन खांब, आणि त्यांच्यामधील पाटीवर आठ खेळाडू आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसलेले. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडतां येत नाहीं, घेतलेली दिशा मनाला येईल तेव्हां बदलतां येत नाहीं. पळणाऱ्यास अशीं बंधनें नाहींत. तो बसलेल्यांच्या मधून हवा तसा निसटूं शकतो. मोठ्या गटांत एक पाळी 9 मिनिटांची, लहान गटांत 7 मिनिटांची. एका वेळीं मैदानांत तीनच पळणारे असतात. तिसरा गडी बाद झाला कीं पुढच्या तुकडीनें दोन खो दिले जाण्याच्या आंत मैदानांत यावयाचें; जो रेंगाळला तो बाद. नऊही बाद झाले आणि वेळ शिल्लक राहिला, तर पहिल्या तुकडीला पुन्हां उतरावें लागतें.

आतां थोडा हिशेब करून पाहावा. समजा, 9 मिनिटांच्या पाळींत पहिल्या तुकडीनें 4 मिनिटें काढलीं आणि दुसरीनें 3. मग तिसरीला केवळ 2 मिनिटें तग धरावयाचा आहे. उलट पहिली दीड मिनिटांत आणि दुसरी 2 मिनिटांत संपली, तर तिसरीच्या डोक्यावर साडेपांच मिनिटांचा भार येतो. आणि तीही कोसळली तर नुकतेच धापा टाकीत बाहेर बसलेले पहिले तीन पुन्हां आंत. म्हणजे पहिल्या तुकडीचें काम आधींपासून ठाऊक असतें, तिसरीचें मात्र आयत्या वेळीं कळतें. त्यामुळें तिसरी तुकडी म्हणजे उरल्यासुरल्यांची तुकडी असें मानणारा संघ ऐन वेळीं उघडा पडतो.

हाच प्रश्न सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंतील बेसबॉल खेळणाऱ्यांसही पडतो. तेथें प्रत्येक वर्षीं फेब्रुवारी-मार्चमध्यें व्यावसायिक संघ फ्लोरिडा व ॲरिझोना या उबदार प्रांतांत सरावासाठीं जमतात. मैदानाच्या कडेला एक आवार असतें. त्याला ‘बुलपेन’, म्हणजे शब्दशः बैलांचा कोंडवाडा, असें नांव आहे. मुख्य चेंडूफेक्या थकला कीं ज्यांनीं त्याची जागा घ्यावयाची ते राखीव फेके तेथें हात सैल करीत थांबतात. 2020 पासून 26 जणांच्या संघांत अशा राखीव फेक्यांपैकीं कोणाला ठेवावें आणि कोणाला वगळावें, हा वसंतांतील सरावाचा मोठा वादविषय असतो. प्रतिस्पर्ध्यांच्या गोटांत काय चाललें आहे याच्या वार्ताही त्याच दिवसांत सर्वतोमुखीं होतात. परंतु बेसबॉलचा व्यवस्थापक चालू खेळाचा रंग पाहून राखीव गड्याला बोलावूं शकतो. खो-खोच्या शिक्षकाला तुकड्यांचा क्रम आधींच लिहून द्यावा लागतो. या अर्थानें त्याची परीक्षा अधिक कठीण आहे.

मग कोणाला कोठें घालावें? पहिला मोह असा, कीं सर्वोत्तम तिघांनाच प्रथम पाठवावें. प्रारंभींच पाठलाग करणारे दमले, चिडले, तर पुढच्यांचें काम हलकें होतें. दुसरा विचार असा, कीं एक कसलेला पळणारा प्रत्येक तुकडींत असावा, म्हणजे त्याच्या आधारानें इतर दोघे सांवरतील. शिवाय पळण्याच्या रीतीही भिन्न असतात. कोणी बसलेल्यांच्या रांगेंतून नागमोडी साखळी धरून पळतो, कोणी खांबाजवळ गोल फिरून हुलकावण्या देतो. एकाच रीतीचे तिघे एका तुकडींत आले, तर पाठलाग करणाऱ्यांस एकदां सांपडलेली युक्ति तिघांवरही चालते. आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं : जे नऊ पळतात तेच नऊ पाठलागही करतात. सूर मारून गडी टिपणारा उत्तम खेळाडू पळतींत पिळून निघाला, तर पुढच्या पाळींत त्याच्या पायांत बळ उरत नाहीं. तिसऱ्या तुकडीला तर पायांच्या वेगाइतकेंच शांत चित्त लागतें. बाहेर बसून सोबत्यांना बाद होतांना पाहावयाचें, आणि हांक येतांच दोन खोंच्या आंत मैदानांत शिरून पाठलागाची दिशा ओळखावयाची, हें प्रत्येक वेगवान मुलाला साधतेंच असें नाहीं.

शिक्रापूरजवळच्या तळेगांव ढमढेरेसारख्या गांवांतील शाळेच्या संघापुढें हा प्रश्न अधिक टोंचक रूपानें उभा राहतो. खो-खोला दोन खांब आणि सपाट जमीन यांहून अधिक सामग्री लागत नाहीं, म्हणून शिरूर तालुक्यासारख्या ग्रामीण भागांतील शाळेलाही तो परवडतो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनीं होतात. जिंकणाराच पुढची पायरी चढतो, हरणाऱ्याचें वर्ष तालुक्यांतच संपतें. महाराष्ट्रांत वरच्या पातळीवर चमकलेल्या विद्यार्थ्यास दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळूं शकतात, आणि शासकीय नोकऱ्यांत प्राविण्य मिळविलेल्या खेळाडूंसाठीं 5 टक्के जागा राखीव आहेत. म्हणून शेतकऱ्याच्या मुलाचें किंवा मुलीचें नांव नऊ जणांत येतें कीं राखीव बांकावर राहतें, हा घरच्या माणसांच्याही जिव्हाळ्याचा विषय होतो. शिक्षकाच्या कागदावरील क्रमाला असें वजन असतें.

या निवडींत प्रतिस्पर्ध्यांच्या वार्तेला किती मान द्यावा? सरावाच्या दिवसांत बातम्यांना तोटा नसतो. अमुक शाळेचा उंच पाठलागी खांबावर हमखास गडी टिपतो, तमुक संघाचा नायक पाय मुरगळून घरीं बसला आहे, असें कोणीतरी येऊन सांगतो. यांतील स्वतः पाहिलेली गोष्ट वेगळी, ऐकीव वेगळी, आणि तसें असावें अशा इच्छेनें खरी मानलेली तिसरीच. खांबावर सूर मारणाऱ्यांचा भरणा असलेल्या संघापुढें खांबाजवळ रेंगाळणारा पळणारा प्रथम पाठवूं नये, इतकी दुरुस्ती पाहिलेल्या गोष्टीवरून करणें शहाणपणाचें आहे. परंतु प्रतिस्पर्ध्याचा मुख्य खेळाडू येणार नाहीं या ऐकीव बातमीवर विसंबून कच्ची तुकडी पुढें केली, आणि सामन्याच्या सकाळीं तोच खेळाडू मैदानावर उभा दिसला, तर कागद बदलण्यास फारच थोडा अवधि उरतो. म्हणून वार्तेनें क्रम थोडा हालावा, मुळासकट उपटला जाऊं नये.

पुण्याचा या खेळाशीं संबंध जुना आहे. डेक्कन जिमखान्यानें 1914 मध्यें त्याला नियमांची चौकट दिली, आणि 1959-60 मध्यें विजयवाडा येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 2022 मध्यें पुण्याच्या बालेवाडी संकुलांत ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक स्पर्धा प्रथम भरली. तिच्या अंतिम सामन्यांत ओडिशाच्या संघानें तेलुगु योद्धाजवर 46-45 असा केवळ एका गुणानें विजय मिळविला. या नव्या पद्धतींत ठराविक वेळेहून अधिक टिकणाऱ्या तुकडीस जादा गुण मिळतात, त्यामुळें तुकडीच्या रचनेचें मोल उघड आंकड्यांत दिसूं लागलें. जानेवारी 2025 मध्यें दिल्लींत झालेल्या पहिल्या विश्वचषकांत भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून विजयी झाले, पुरुष 54-36 आणि महिला 78-40. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही नायक महाराष्ट्राचे होते.

गांवच्या शाळेचें मैदान आणि विश्वचषकाचें बंदिस्त क्रीडागृह यांत अंतर मोठें आहे. तुकड्यांचा हिशेब मात्र दोन्हीकडे एकाच जातीचा. पहिल्या तुकडीचा पराक्रम सर्वांना दिसतो. तिसऱ्या तुकडीचें चोख काम बहुधा दिसतच नाहीं, कारण तें झालें कीं वेळ संपल्याची शिटी वाजते आणि लोक गुणफलकाकडे पाहूं लागतात. सराव घेणाऱ्यानें मुलांना ही गोष्ट आधींच समजावून सांगितली, तर शेवटीं नांव लागल्याचें कोणाला वैषम्य वाटणार नाहीं. आणि ऐन वेळीं साडेपांच मिनिटांचा भार आलाच, तर तो पेलण्याची तयारी त्या तिघांच्या मनांत अगोदरच झालेली असेल.