शिक्षण : रकाना एक, उत्तरे अनेक

बँकेच्या कर्जाच्या अर्जात नाव, वय, पत्ता, व्यवसाय यांच्या ओळीत ‘शिक्षण’ असा एक अरुंद रकाना असे. अर्जदार तो एका शब्दात भरून मोकळा होई. वयस्क शेतकरी ‘फायनल’ लिहीत, म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. कुणी ‘मॅट्रिक’, कुणी ‘नॉनमॅट्रिक’, तर कुणी ‘बी. ए. पर्यंत’. या ‘पर्यंत’ने मला नेहमी विचारात पाडले आहे. कॉलेजात नाव घालून दिवाळीच्या सुटीत गावी परतलेला तो कायमचाच, असा मुलगाही ‘बी. ए. पर्यंत’, आणि शेवटच्या वर्षी एका विषयात राहिलेलाही ‘बी. ए. पर्यंत’च. एस. एस. सी. म्हणावे तर तीही दोन प्रकारची. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली; त्याआधी ती अकरावीला असे. थोरल्या भावाची एस. एस. सी. अकरा वर्षांची आणि धाकट्याची दहा वर्षांची. नाव मात्र एकच.

माणसे शिक्षण फुगवून सांगतात हे आपण गृहीतच धरतो. पण ती कमीही सांगतात. बँकेतल्या शिपायाच्या जागेसाठी ‘बारावी उत्तीर्ण, मात्र पदवीधर नसावा’ अशी अट होती आणि एका उमेदवाराने आपली पदवी लपवली, असे प्रकरण २०२० साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला. पदवी दाखवली असती तर अर्जच बाद, लपवली म्हणून नोकरी गेली! ‘किती शिकलात?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतो, यावरच पुष्कळ अवलंबून असते.

आता अशी कल्पना करा, की विचारणाऱ्याच्या हाती ना नोकरी आहे ना कर्ज. त्याला फक्त नोंद करायची आहे. आणि तो त्याच माणसाकडे चाळीस वर्षांहून अधिक काळ पुन:पुन्हा येऊन हाच प्रश्न विचारतो आहे. अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडले आहे. तिथल्या श्रम खात्याने १९७९ साली १४ ते २२ वयाची १२,६८६ मुले-मुली निवडली. ती सारी १९५७ ते १९६४ या काळात जन्मलेली, म्हणजे जवळपास माझ्याच वयाची. १९९४ पर्यंत दरवर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी त्यांना गाठून शाळा, नोकरी, पगार, लग्न, मुले, आजार असे सगळे विचारले गेले. या पाहणीचे नाव ‘नॅशनल लाँजिट्यूडिनल सर्व्हे ऑफ यूथ’. खर्चापायी तिच्यातही काटछाट झाली. १९८४ नंतर लष्करातल्या बहुतेक तरुणांना वगळले, आणि १९९० नंतर गरीब गोऱ्या कुटुंबांतली जी जादा मुले मुद्दाम घेतली होती त्यांनाही. कात्री लागते तेव्हा ती कुठे लागते, हे पाहण्यासारखे असते. असो.

या पाहणीत दर फेरीला प्रश्न असे : तुम्ही पूर्ण केलेली सर्वांत वरची इयत्ता कोणती? बारा म्हणजे शाळा संपली, सोळा म्हणजे चार वर्षांचे कॉलेज. आता इयत्ता ही चीज काही बँकेतली शिल्लक नव्हे, ती वाढेल किंवा आहे तिथेच राहील. खाली येणार नाही. पण उत्तरे शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर काहींची इयत्ता चक्क खाली आलेली! अशा प्रश्नात घोटाळे व्हायला जागा पुष्कळ. ‘शिकतो आहे’ आणि ‘पूर्ण केली’ यांतला फरक बोलण्याच्या भरात निसटतो. एखादा छोटा अभ्यासक्रम एका साली माणूस कॉलेजात धरतो, पुढच्या खेपेला धरत नाही. जे अर्धवट सुटले ते आठवणीत हळूहळू पुरेही होते.

पाहणी करणाऱ्यांनी यावर काय केले? सर्व फेऱ्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून दुरुस्त इयत्तांचा एक वेगळा संच केला, आणि मूळ उत्तरेही तशीच ठेवली. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटले. लेजरमध्ये आकडा चुकला तर तो खोडरबराने पुसायचा नसतो. वर आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि लघुस्वाक्षरी करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

पण इयत्ता नीट लागल्या तरी प्रश्न सुटत नाही. कारण वर्षे मोजायची, की प्रमाणपत्र? अमेरिकेच्या दरमहाच्या रोजगार पाहणीत अनेक दशके शाळेची वर्षे विचारत. १९९२ पासून ती पद्धत बदलून ‘सर्वांत वरची पदवी कोणती’ असे विचारू लागले, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे आकडे जुळवता जुळवता अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. अर्थशास्त्रज्ञांना दिसले, की अकरावीपर्यंत शिकलेल्यापेक्षा बारावी पूर्ण केलेल्याचा पगार एका वर्षाच्या मानाने जरा जास्तच उडी घेतो. सोळाव्या वर्षालाही तसेच. पूर्वी तिकडे पदवीपत्र मेंढीच्या कातड्यावर लिहीत, म्हणून या उडीला त्यांनी ‘मेंढीच्या कातड्याचा परिणाम’ असे गमतीचे नाव दिले. आपला ‘बी. ए. पर्यंत’वाला त्या कातड्याअभावी मारला जातो, एवढाच याचा अर्थ.

मात्र सर्वांत मोठा पेच आणखी वेगळ्याच कागदाने घातला. दुसऱ्या महायुद्धात शाळा अर्धी टाकून लढायला गेलेल्या तरुणांसाठी अमेरिकेत १९४२ साली एक परीक्षा निघाली. तिला जी. ई. डी. म्हणतात. लेखन, वाचन, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे यांची काही तासांची परीक्षा द्यायची. उत्तीर्ण झालात की तुम्ही शाळा पूर्ण केलेल्याच्या बरोबरीचे. हेतू उत्तम होता. युद्ध संपले, सैनिक परतले, परीक्षा राहिली, आणि पुढे शाळा सोडलेली लाखो मुले ती देऊ लागली. सरकारी आकड्यांत शाळेची चार वर्षे काढलेला आणि ही परीक्षा दिलेला असे दोघेही एकाच ओळीत, ‘शाळा पूर्ण’ म्हणून जमा होऊ लागले.

वर सांगितलेल्या पाहणीत मात्र हे दोन कागद वेगळे विचारले होते. त्याच आधारावर स्टीफन कॅमरॉन आणि जेम्स हेकमन यांनी १९९३ साली दाखवून दिले, की नोकरी आणि पगार यांच्या बाबतीत जी. ई. डी. घेतलेले पुरुष शाळा पूर्ण केलेल्यांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्याच जवळ आहेत. चाचणीत ते हुशार ठरतात. कॉलेजात न गेलेल्या शालेय पदवीधरांइतके गुण त्यांना पडतात. तरी नोकरीत टिकत नाहीत, सैन्यात गेले तरी मुदतीआधी बाहेर पडतात. हेकमन यांना पुढे २०००चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशा आकडेवारीचे विश्लेषण करण्याच्या पद्धतींसाठी. चिकाटी, वेळेवर हजर राहणे, कंटाळवाणे काम शेवटास नेणे हे गुण परीक्षेत मोजले जात नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तो मला पुष्कळसा पटतो, सगळा नाही. घरात कमावते कुणी नाही म्हणून नववीत शाळा सोडून हॉटेलात बश्या धुणाऱ्या पोराकडे चिकाटी नाही असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या एकत्र मोजण्याने झाले काय, तेही सांगितले पाहिजे. हेकमन आणि पॉल लाफाँटेन यांनी २०१० साली दोन्ही कागद वेगळे करून हिशेब पुन्हा मांडला. अधिकृत आकड्यांत शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास दिसत होते. प्रत्यक्षात ते १९७०च्या सुमारास ८० टक्क्यांच्या घरात पोचून पुढे चार-पाच टक्क्यांनी खाली आले होते. (२००० नंतर ते पुन्हा चढू लागले.) काळ्या आणि गोऱ्या मुलांतले अंतर कागदावर मिटत आलेले दिसे, तेही पस्तीस वर्षांत मिटलेले नव्हते. कारण अनेक काळ्या तरुणांनी जी. ई. डी. घेतली होती, कित्येकांनी तर तुरुंगात. शिवाय घरोघर जाणाऱ्या सरकारी पाहणीत तुरुंगातला माणूस मोजलाच जात नाही. तरुणांच्या या दीर्घ पाहणीतले लोक मात्र मुलाखतीसाठी तुरुंगातही जात. एका रकान्याच्या सोयीपायी एका समाजाची दुरवस्था तीन दशके झाकली गेली. आणि परीक्षा सोपी आहे म्हटल्यावर शाळेतून पाय काढणेही सोपे झाले. कॅलिफोर्नियात १९७४ साली ती सुरू झाल्यावर गळती वाढल्याचे आढळले.

इयत्ता झाली, प्रमाणपत्र झाले. डोक्यात काय उतरले ते राहिलेच. या पाहणीतल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांनी १९८० साली लष्कर-भरतीची लेखी चाचणी दिली होती, म्हणून तोही आकडा हाती होता. १९९४ साली ‘द बेल कर्व्ह’ या पुस्तकाने त्याच गुणांना जन्मजात बुद्धी मानून केवढे वादळ उठवले! टीकाकारांचे म्हणणे साधे होते : ज्याला जास्त आणि चांगली शाळा मिळाली त्याला जास्त गुण पडणारच, मग तुम्ही बुद्धी मोजलीत की शाळा?

आपल्याकडे या तीन गोष्टी आणखीनच गुंतलेल्या आहेत. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असे ठरले. राज्यांना त्यात बदल करण्याची मुभा २०१९ साली मिळाली. मधल्या वर्षांतली ‘आठवी पास’ ही नोंद म्हणजे मूल आठ वर्षे पटावर होते, इतकीच माहिती. ‘सतरा नंबर’चा फॉर्म भरून बाहेरून दहावी करणाऱ्याचे प्रमाणपत्र राज्य मंडळाचेच, परीक्षाही तीच, ही जी. ई. डी. नव्हे. पण वर्गात न बसता दहावी झालेल्या या मुलामुलींचे पुढे काय होते? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तर एके काळी पूर्वतयारी अभ्यासक्रमातून शाळा अर्धवट राहिलेल्या प्रौढांनाही बी. ए.चे दार उघडले. सातवीत शाळा सुटलेली आणि चाळिशीत पदवी मिळवलेली बाई ‘इयत्ता’ या रकान्यात काय लिहील? सात की पंधरा?

अशी माणसे वर्षानुवर्षे गाठत राहण्याचे काम भारतात थोडेच झाले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘यंग लाइव्ह्ज’ने २००२ पासून चार देशांत सुमारे बारा हजार मुलांचा माग ठेवला, त्यांतली सुमारे तीन हजार तेव्हाच्या आंध्र प्रदेशातली, म्हणजे आजच्या आंध्र आणि तेलंगणातली. तिथे इयत्तेबरोबर शब्दांची आणि गणिताची चाचणीही घेतली जाते. महाराष्ट्रासह सारा देश धरणाऱ्या भारत मानव विकास पाहणीने २००४-०५ मध्ये आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना नुसती इयत्ता न विचारता हाती परिच्छेद देऊन वाचायला सांगितले. ती वाचनचाचणी मुंबईच्या झोपडवस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’च्या साधनांवरून घेतलेली होती. २०११-१२ साली पाहणीवाले बहुतेक त्याच घरी पुन्हा गेले.

‘यंग लाइव्ह्ज’मधली थोरली मुले १९९४-९५ची. त्यांनी तिशी गाठली आहे, आणि त्यांतल्या अनेक मुली आता आया आहेत. अमेरिकन पाहणीतल्या बायकांच्या मुलांची चौकशी १९८६ सालीच सुरू झाली होती. अशा प्रत्येक मुलाच्या फॉर्मवर, त्याच्या स्वत:च्या इयत्तेच्या आधी, एक रकाना येतो : आईचे शिक्षण.