पिवळा दिवा लागला तर आधी घरीच पाहा

हप्त्यावर घेतलेली गाडी एक दिवस गॅरेजात उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. आपल्या वस्त्यांतून टॅक्सी चालवून संसार करणारे कितीतरी बंधू आहेत. त्यांच्यासाठी आम्ही आज हा विषय घेतला आहे.

टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होते. ती हवेत गेली तर हवा बिघडते. म्हणून ती नळीने कोळशाच्या डब्यात नेतात. या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. इंजिन चालू असताना ‘पर्ज व्हॉल्व्ह’ ही विजेवर चालणारी झडप उघडते आणि वाफ इंजिनात जाऊन जळते. कॅलिफोर्नियात १९७० पासून नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची झाली. आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही ती असते.

यात बिघाड झाला की पेट्रोलचा वास येतो, इंजिनचा पिवळा दिवा लागतो, किंवा पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही.

प्रथम टाकीचे झाकण पाहा. त्याच्या रबराला चीर असेल तर झाकण बदला. नसेल तर टकटक आवाज येईपर्यंत आवळा. दिवा लगेच विझत नाही. काही फेऱ्या होऊ द्या.

मग कोड वाचा. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचे साधे यंत्र दोघाचौघांनी मिळून घेतले तरी चालते. पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे लहान गळती, पी ०४४३ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या वायरिंगचा दोष. सगळ्याच गाड्या गळती स्वतः तपासत नाहीत. म्हणून नळ्या डोळ्यांनीही पाहा. उंदरांनी कुरतडलेली नळी सापडू शकते.

शेवटी झडप. इंजिन बंद व थंड असताना ती काढा. एका टोकाला स्वच्छ नळी लावून फुंका. वीज नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंदच हवा. हवा आरपार गेली तर तो खराब आहे.

हे काम उघड्यावरच करावे. विडी, काडी, दिवा जवळ नको. मुलांना दूर ठेवा. टाकीत पंपाची हवा मारू नका. जमिनीवर पेट्रोल ठिबकत असेल तर गाडी सुरूच करू नका, मिस्त्रीला बोलवा.

पंपाची नळी आपोआप थांबल्यावर ‘अजून थोडे भर’ म्हणण्याची सवय सोडावी. ते पेट्रोल डब्यात शिरले की कोळसा निकामी होतो, आणि डबा झाकणापेक्षा कितीतरी महाग पडतो.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर गॅरेजात धुराची तपासणी करून घ्या. कोड कागदावर लिहून न्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. ज्याला आपल्या गाडीचे ठाऊक आहे, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.