पावसाळी धबधब्याची सहल: पाणी अचानक का वाढते?



पावसाळ्यात लोणावळा, ताम्हिणी, माळशेज, आंबोली या भागांत धबधब्यांच्या एकदिवसीय सहली निघतात. वाटाड्यासोबत ओढ्याच्या कडेने चढायचे, ओल्या कातळावरून घसरत डोहात उतरायचे आणि संध्याकाळी परतायचे, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ज्या प्रवाहात ते उभे होते, तो बघता बघता वाढला. असे का होते, हे या पाठात पाहू.

१. धबधबा कसा तयार होतो?

सह्याद्री बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यांपैकी काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र आहेत. सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि वरचा घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. त्यावरून पाणी कोसळते आणि पायथ्याशी डोह तयार होतो. भोवऱ्यात फिरणारे दगडगोटे तळाला रांजणखळगे पाडतात. त्यामुळे डोहाची खोली जागोजागी वेगळी असते आणि वरून ती कळत नाही.

२. पाणी कुठून येते?

धबधब्यात येणारे पाणी त्याच्या माथ्यावरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रातून येते. एक उदाहरण सोडवू. पाणलोट क्षेत्र १ चौ. किमी आहे आणि तेथे तासात ५० मिमी पाऊस पडला.

एकूण पाणी = १०,००,००० चौ. मी. × ०.०५ मी. = ५०,००० घनमीटर

हे सारे पाणी तासाभरात खाली आले, तर प्रवाह सेकंदाला सुमारे १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर होतो. प्रत्यक्षात काही पाणी जमिनीत मुरते. पण सह्याद्रीच्या माथ्यावर अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ आहे, उतार तीव्र आहेत आणि सततच्या पावसाने जमीन आधीच भिजलेली असते. म्हणून बरेचसे पाणी थेट ओढ्यात येते. डोंगरमाथ्यावर सर कोसळत असताना खाली तुमच्या डोक्यावर ऊनही असू शकते.

तुम्ही दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडात शिकत असाल, तर तुलना करून पाहा. दिल्लीत वर्षभरात सरासरी सुमारे ७७५ मिमी पाऊस पडतो. महाबळेश्वरला ५,५०० मिमीहून अधिक, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत.

३. गुडघाभर पाणी किती ढकलते?

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघ्यापर्यंत बुडालेल्या दोन पायांचे प्रवाहासमोरचे क्षेत्रफळ ०.१ चौ. मी. आणि अवरोध गुणांक १ धरू.

वेग १ मी./से. : सुमारे ५० न्यूटन
वेग २ मी./से. : सुमारे २०० न्यूटन
वेग ३ मी./से. : सुमारे ४५० न्यूटन

आता ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा विचार करा. शेवाळलेल्या कातळावर घर्षण गुणांक ०.३ मानला, तर पाय रोवून ठेवणारे बल जेमतेम १७६ न्यूटन भरते. म्हणजे २ मी./से. वेगालाच पाय सुटतो. पोहता येणाऱ्यालाही याचा लाभ होत नाही, कारण पोहायला लागण्याआधीच तो खडकांवर आदळत पुढे जातो.

४. घसरताना काय होते?

घर्षण नगण्य मानले, तर ३ मीटर उंचीवरून घसरणारी व्यक्ती तळाशी ताशी सुमारे २८ किमी वेगाने पोहोचते. तेथे पाण्याखाली दगड असेल, तर कंबर किंवा पाय मोडू शकतो. शिवाय धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. त्याची घनता कमी असल्याने शरीर नीट तरंगत नाही. गेल्या वर्षी मोकळ्या असलेल्या डोहात यंदाच्या पुराने धोंडा आणून टाकलेला असू शकतो. म्हणून त्या दिवशी तळ तपासल्याशिवाय घसरू नये.

५. वाटाड्याचे काम

रस्ता दाखवणे हा वाटाड्याच्या कामाचा लहान भाग झाला. माथ्याकडचे ढग पाहणे, पाण्याच्या पातळीसाठी एखादा दगड खूण म्हणून धरणे आणि वेळेवर सर्वांना बाहेर काढणे हे त्याचे खरे काम. पुढील खुणा तुम्हीही ओळखायला शिका:

• स्वच्छ पाणी गढूळ होणे
• पानेकाटक्या वाहून येणे
• वरच्या बाजूने येणारा आवाज वाढणे
• खुणेचा दगड बुडू लागणे

यांपैकी एकही दिसली, तर पिशवी, चपला, मोबाइल जेथे असेल तेथे सोडून जवळच्या काठावर उंच जागी जा. पलीकडे अडकलात, तर पाणी ओसरेपर्यंत थांबा. ओढा ओलांडू नका. सहल ठरवतानाच आयोजकाला विचारा: हवामान खात्याचा इशारा आला, तर सहल रद्द होते का? जिल्हा प्रशासनाची बंदी असेल, तर अर्थातच जाऊ नका.

सारांश

आपल्याला समोर दिसतो तो धबधबा. धोका मात्र माथ्यावरच्या, न दिसणाऱ्या क्षेत्रात तयार होतो. म्हणून पायाखालच्या पाण्याइतकेच लक्ष वरच्या डोंगराकडे हवे.

स्वाध्याय

१. पाणलोट क्षेत्र ३ चौ. किमी आणि पाऊस तासाला ४० मिमी असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त किती पाणी येईल?
२. प्रवाहाचा वेग दुप्पट झाल्यास पायांवरचा जोर किती पट होईल? कारण द्या.
३. धबधब्याजवळ पाऊस नसतानाही पाणी का वाढू शकते?