विश्लेषण : अंगावर कॅमेरा, तरी दृश्य स्थिर कसे? स्टेडिकॅम चालवण्याचे तंत्र काय?

‘रॉकी’ (१९७६) चित्रपटात नायक फिलाडेल्फियातील कला संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढतो आणि कॅमेराही त्याच्यासोबत चढतो, पण दृश्य हलत नाही. ही किमया गॅरेट ब्राऊन यांनी शोधलेल्या स्टेडिकॅमची. हे उपकरण अंगावर चढवले, की चित्रण आपोआप स्थिर होते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात निम्मे काम यंत्र करते, उरलेले चालवणाऱ्याचे शरीर.

यंत्र नेमके काय करते?

स्टेडिकॅमचे मुख्य भाग तीन : अंगावरचे जाकीट, स्प्रिंगचा हात आणि कॅमेऱ्याचा दांडा. चालताना शरीर वर-खाली होते, ते धक्के स्प्रिंगचा हात शोषतो. दांड्यावर वर कॅमेरा, तर खाली मॉनिटर आणि बॅटरी असते. वजन असे दूर-दूर विभागल्याने जडत्व वाढते आणि छोट्या हिसक्याने कॅमेरा वळत नाही. गुरुत्वमध्य दांड्यावरील गिम्बलच्या जवळ येतो, त्यामुळे बोटांनी कॅमेरा फिरवता येतो.

चित्रीकरणापूर्वी काय तपासावे?

दांडा आडवा धरून सोडावा. तो उभा व्हायला साधारण २ ते ३ सेकंद लागले, तर संतुलन योग्य. फार लवकर उभा झाला, तर खालची बाजू जड आहे. असा दांडा चालायला लागताना आणि थांबताना लोलकासारखा झुलतो. त्यानंतर दांडा स्वतःभोवती फिरवून पाहावा. तो डगमगला, तर कॅमेरा, मॉनिटर किंवा बॅटरी थोडी पुढे-मागे सरकवावी लागते.

उभे कसे राहावे?

पाठ ताठ, गुडघे किंचित सैल आणि कॅमेरा शरीराजवळ. कॅमेरा जितका लांब, तितका कमरेवर ताण जास्त. सोपी चाचणी म्हणजे दोन्ही हात सोडून उभे राहणे. कॅमेरा जागीच तरंगला, तर जाकीट आणि हाताची जुळणी बरोबर आहे. तो दूर पळत असेल, तर तो ओढून धरण्यात ताकद जाते आणि तोच ताण दृश्यात थरथर बनून दिसतो.

सर्वाधिक चूक कुठे होते?

दांडा मुठीत घट्ट धरण्यात. एक हात कॅमेऱ्याची जागा आणि उंची सांभाळतो. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि एक-दोन बोटे गिम्बलजवळ फक्त टेकलेली असावीत. फ्रेम त्यांनीच ठरते. पकड आवळली, की हाताचा प्रत्येक कंप थेट कॅमेऱ्यात जातो. वेग एकदम वाढवणे आणि एकदम थांबणेही टाळावे.

सराव कसा करावा?

भिंतीवर चिकटपट्टीने फुली करावी. ती मॉनिटरच्या मध्यभागी ठेवून भिंतीकडे चालत जावे आणि तसेच मागे यावे. फुली हलू नये, फ्रेम तिरकी होऊ नये. हे जमल्यावरच वळणे आणि जिने.

शरीराची काळजी का महत्त्वाची?

मोठ्या कॅमेऱ्यासह हा सरंजाम ३० किलोच्या आसपास जाऊ शकतो. दमलेल्या शरीराकडून सफाई मिळत नाही आणि कंबर-पाठीच्या दुखापतीचाही धोका असतो. म्हणून दोन टेकच्या मध्ये कॅमेरा स्टँडवर ठेवतात. उलटे चालताना मागे वाट दाखवणारा सहकारी हवाच. टिलमन ब्यूटनर यांनी ‘रशियन आर्क’ (२००२) हा दीड तासाहून मोठा चित्रपट स्टेडिकॅमवर एकाच सलग टेकमध्ये चित्रित केला, तो अर्थातच अशा तयारीच्या बळावर.

मोबाइल गिम्बलला हे लागू आहे का?

बऱ्याच अंशी. मोबाइल गिम्बलच्या मोटारी फोनचे वळणे आणि कलणे सावरतात, मात्र पावलांमुळे होणारे वर-खाली हलणे सावरत नाहीत. तिथे स्प्रिंगचा हात नसतो. ते काम कोपर आणि गुडघे किंचित वाकवून, पाऊल हलके टाकून स्वतःलाच करावे लागते.